वंशावळीची फाइल आणि मी लिहिलेला एडिटर

वंशावळीच्या फाइलीसाठी एडिटर लिहायला घेतला तेव्हा पहिली अट कागदावर लिहून स्क्रीनखाली चिकटवली: फाइल उघडली आणि काहीही न बदलता सेव्ह केली, तर नवी फाइल जुनीशी बाइट न् बाइट जुळली पाहिजे. नावांचा फॉर्म, झाडाचं चित्र, शोध, छपाई हे सगळं त्यानंतर. अट ऐकायला किरकोळ वाटते. पण ती न पाळणाऱ्या प्रोग्रामपायी आमच्या घराण्याच्या फाइलीतून आठ पिढ्यांच्या बायकांची माहेरं पुसली गेली, म्हणून ती माझ्यासाठी सगळ्यात वर आहे.

मी कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी बिलांचे प्रोग्राम लिहिते. हिशेबातली एक ओळ गहाळ झाली तर संध्याकाळपर्यंत कुणाचा तरी फोन येतो, पट्टी जुळत नाही म्हणून. वंशावळीतली ओळ गहाळ झाली तर कुणाचाच फोन येत नाही. जिची ती ओळ, तिला जाऊन शंभर-सव्वाशे वर्षं झालेली असतात.

मूळ वही मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. निवृत्तीनंतर त्यांनी ती लिहून काढली. निम्मी माहिती सुगीनंतर गावात येणाऱ्या हेळव्याने, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी जपून सांगणाऱ्याने, चोपडीतून वाचून सांगितलेली, निम्मी फेरफार नोंदी, शाळेचे दाखले आणि लग्नपत्रिकांतून जमवलेली. इंग्लंडात असलेल्या माझ्या भाच्याने, नणंदेच्या मुलाने, ती सगळी वही एका वेबसाइटवर मराठीतूनच टाइप केली आणि तिथून जेडकॉम नावाच्या, वंशावळीसाठीच्या साच्यातली फाइल उतरवून सगळ्यांना मेल केली. पुढे घरातल्याच कुणीतरी ती एका प्रोग्राममध्ये उघडली, दोन जन्मतारखा घातल्या, सेव्ह केली आणि ग्रुपवर टाकली. तीच प्रत फिरत राहिली. तिच्यात देवक नव्हतं, मूळ गाव नव्हतं, माहेरची नावं नव्हती आणि हेळव्याच्या लांब टिपांमध्ये जागोजागी चौकटीतली प्रश्नचिन्हं उमटली होती. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मामी, माझ्याकडच्या फाइलीत सगळं आहे. मेलमध्ये बघा." तसंच निघालं. मेलमधली पहिली फाइल शाबूत होती.

दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून बसले. हे करता येतं, कारण जेडकॉम हा साध्या मजकुराचा साचा आहे, नोटपॅडमध्येही उघडतो. अमेरिकेतल्या चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या वंशावळ विभागाने तो १९८४ मध्ये आणला. पूर्वजांचा शोध हा त्या पंथाच्या धर्माचरणाचाच भाग आहे, आणि एका प्रोग्राममधली माहिती दुसऱ्यात नेता यावी ही त्यांची गरज होती. ५.५.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये मसुदा म्हणून निघाली, जगभरचे प्रोग्राम तिच्यावर चालू लागले, आणि अधिकृत मात्र ती २०१९ मध्ये ठरली. २०२१ मध्ये ७.० आली. ५.५.१ मधली भाषांची यादी मी आवर्जून पाहिली. तिच्यात मराठी आहे, कोकणीही आहे, पण युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणारी एकच पद्धत, येईपर्यंत ज्यांची सोय नाही अशा भाषांच्या गटात.

फाइलीतली एक नोंद अशी दिसते. टॅग, म्हणजे ओळ कशाची आहे ते सांगणारे शब्द, आणि आकडे खऱ्या फाइलीत रोमन असतात, इथे उच्चाराप्रमाणे लिहिते. घरच्यांची नावं इथे द्यायची नाहीत, म्हणून चाचणीसाठी केलेल्या फाइलीतली राजर्षी शाहू महाराजांची नोंद घेते:

० @आय७@ इंडी
१ नेम यशवंतराव /घाटगे/
१ बर्थ
२ डेट २६ जून १८७४
२ प्लेस कसबा बावडा, कोल्हापूर
१ फॅमसी @एफ३@

पहिला आकडा पातळीचा. शून्य म्हणजे नवी नोंद, एक म्हणजे त्या नोंदीतली गोष्ट, दोन म्हणजे त्या गोष्टीचा तपशील. ॲट चिन्हांमध्ये ओळखक्रमांक. आडनाव दोन तिरप्या रेघांमध्ये. फॅमसी म्हणजे ही व्यक्ती ज्या कुटुंबात मूल आहे त्या कुटुंबाकडे बोट. कुटुंबाची नोंद वेगळी असते, तिच्यात नवरा, बायको आणि मुलं यांच्याकडे बोटं. साचा एवढाच. वाचायला सोपा, लिहायला सोपा, आणि बिघडवायला त्याहून सोपा.

आता ती प्रश्नचिन्हं. ५.५.१ च्या नियमाप्रमाणे एक ओळ, पातळी आणि टॅग धरून, २५५ चिन्हांपेक्षा लांब नसावी. टीप लांब असेल तर तोडायची आणि पुढचा तुकडा कॉन्क या टॅगखाली लिहायचा. वाचताना तुकडे जोडून घ्यायचे. हा नियम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून झालेला आहे, जिथे एक चिन्ह म्हणजे एक बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. बाइट मोजून ओळ तोडणारा प्रोग्राम एका ओळीत देवनागरीची फार तर ८५ चिन्हं बसवतो. शब्दांमधली मोकळी जागा मात्र एकाच बाइटची, त्यामुळे तोड नेमकी दोन चिन्हांच्या मध्ये पडेल याचा भरवसा नाही. ती एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मध्येच पडते. एक बाइट या ओळीच्या शेवटी, दोन पुढच्या ओळीत. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचणाऱ्याला दोन्ही तुकडे निरर्थक दिसतात आणि तो तिथे चौकटीतलं प्रश्नचिन्ह बसवतो. एवढ्यावर सगळं दुरुस्त होऊ शकतं. पण तशीच फाइल सेव्ह केली की प्रश्नचिन्ह हेच खरं अक्षर होऊन बसतं आणि मूळचे बाइट कायमचे जातात. ग्रुपवरच्या प्रतीचं तेच झालं होतं.

मेलमधल्या पहिल्या फाइलीतही तोडी चुकीच्याच जागी होत्या, पण बाइट सगळे होते. म्हणून माझा एडिटर फाइल आधी मजकूर म्हणून वाचतच नाही. बाइट घेतो, त्यांतूनच ओळी पाडतो, पातळी आणि टॅग ओळखतो (ते साधे रोमन असल्याने अडचण येत नाही), कॉन्कचे तुकडे बाइट म्हणूनच जोडतो, आणि मगच यूटीएफ-८ उलगडतो. तुटलेली अक्षरं आपोआप सांधली जातात. हे जावास्क्रिप्टमध्ये करणाऱ्यांसाठी एक सूचना: बाइट जसेच्या तसे अक्षरांत आणण्यासाठी ब्राउझरच्या टेक्स्ट डिकोडरला 'लॅटिन-१' सांगू नका. त्या नावाखाली ब्राउझर प्रत्यक्षात विंडोज-१२५२ वापरतात आणि मधले काही बाइट वेगळ्याच चिन्हांवर जातात. स्वतः लूप लावून एकेका बाइटचं अक्षर करा, किंवा सरळ बाइटांच्या ॲरेवर काम करा.

मी स्वतः टीप तोडते तेव्हा अक्षराच्या सीमेवर तोडते. सीमा म्हणजे युनिकोडचं एक चिन्ह नव्हे, कारण तसं तोडलं तर पुढची ओळ एकट्या वेलांटीने सुरू होते आणि टिंबाटिंबांच्या वर्तुळावर बसलेली वेलांटी दिसते. ब्राउझरमधल्या इंटल सेगमेंटरला विचारलं की अख्खं अक्षर कुठे संपतं ते तो सांगतो. २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून देवनागरी जोडाक्षरही एकसंध धरलं जातं, म्हणजे 'क्ष्मी' मधोमध कापली जात नाही. तोड शब्दाच्या आतच घ्यायची, मोकळ्या जागेवर नाही, कारण काही प्रोग्राम ओळीच्या शेवटची मोकळी जागा गाळतात आणि दोन शब्द चिकटतात. ७.० मध्ये कॉन्क काढूनच टाकलं, ओळीची मर्यादाही उठवली आणि यूटीएफ-८ सक्तीचं केलं. देवनागरीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याचा फायदा आहे.

एडिटर एकाच एचटीएमएल फाइलीत आहे. ब्राउझर निवडला कारण जोडाक्षरं त्याच्याइतकी नीट दुसरीकडे सहज दिसत नाहीत, आणि गडहिंग्लजला चुलतदिरांकडे जुना लॅपटॉप आहे त्यावर काही इन्स्टॉल करायला नको. इंटरनेट लागत नाही, फाइल कुठल्या सर्व्हरवर जात नाही. ज्यांना परिपूर्ण प्रोग्राम हवा त्यांनी ग्रॅम्प्स बघावा, तो मोफत आणि मुक्तस्रोत आहे. मला दाखवायचं, दुरुस्त करायचं आणि जपायचं होतं, एवढंच.

आतली रचना साधी. प्रत्येक ओळ म्हणजे एक वस्तू: पातळी, ओळखक्रमांक, टॅग, मजकूर, पोटातल्या ओळी आणि मूळचे कच्चे बाइट. ज्या नोंदीला हात लागला नाही ती सेव्ह करताना कच्च्या बाइटांतूनच बाहेर जाते. ज्या नोंदीला हात लागला तिच्यातही फक्त बदललेल्या ओळी नव्याने लिहिल्या जातात. ओळख नसलेला टॅग आला तरी तो त्याच्या जागी, त्याच क्रमाने राहतो. बहुतेक प्रोग्राम असं करत नाहीत. ते फाइल आपापल्या तक्त्यांत भरतात आणि सेव्ह करताना तक्त्यांतून नवी फाइल घडवतात. ज्याला तक्त्यात रकाना नाही, ते गेलं. आमचं देवक असंच गेलं होतं.

देवक, गोत्र, कुलदैवत यांना जेडकॉममध्ये स्वतःचे टॅग नाहीत. ५.५.१ मधला फॅक्ट हा टॅग घ्यायचा आणि त्याच्या पोटात टाइप म्हणून 'देवक' किंवा 'कुलदैवत' लिहायचं, ही नियमाला धरून असलेली वाट. अंडरस्कोरने सुरू होणारे मनाचे टॅग काढण्यापेक्षा ही बरी, कारण दुसरा प्रोग्राम निदान 'देवक: पंचपल्लव' असं दाखवू तरी शकतो. जातीसाठी मात्र साच्यात वेगळा टॅग आहे. माझ्या फॉर्ममध्ये त्याला जागा नाही आणि मी ती ठेवणारही नाही. कुणाच्या फाइलीत तो आधीच असेल तर एडिटर तो पुसत नाही. दुसऱ्याची नोंद खोडणं हे माझं काम नाही.

आता बायकांची नावं. सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला. मामंजींच्या वहीत जुन्या पिढ्यांतल्या सुना 'सौ. लक्ष्मीबाई' एवढ्याच होत्या. भाच्याने टाइप केलेली माहेरं नंतर जमवलेली, आणि ती जमवली आत्याबाईंनी, माझ्या नवऱ्याच्या आत्यांनी. ऐंशी ओलांडलेल्या या बाईंना कुठली काकी कुठल्या गावची, तिच्या भावांची नावं काय, लग्नात नाव बदललं का, बदललं तर आधीचं काय, हे तोंडपाठ आहे. कागदावर कुठेच नाही. त्यामुळे फाइलीतून ती ओळ गेली की ती मिळवायची दुसरी जागाच उरत नाही.

पाश्चात्त्य प्रोग्राममध्ये 'माहेरचं आडनाव' असा एक रकाना असतो, आणि तेवढ्याने आपलं भागत नाही. डॉ. आनंदीबाई जोशींचं बघा. जन्म १८६५ चा, जन्मनाव यमुना, वडील गणपतराव जोशी. नवव्या वर्षी गोपाळराव जोश्यांशी लग्न झालं आणि नाव आनंदी झालं. माहेरचं आडनाव जोशी, सासरचंही जोशी. आडनावाच्या रकान्यात काहीच फरक दिसणार नाही, आणि यमुना नावाची मुलगी फाइलीत कुठेच नसेल. जेडकॉममध्ये यावर उपाय आहे, फक्त सगळेच प्रोग्राम तो वापरत नाहीत. एका व्यक्तीला कितीही नेम ओळी देता येतात आणि प्रत्येकीखाली तिचा प्रकार सांगता येतो: जन्माचं नाव, लग्नानंतरचं नाव, टोपणनाव. माझ्या एडिटरमध्ये बाईची नोंद उघडली की जन्मनावाची ओळ सगळ्यात वर येते. ती रिकामी असेल तर रिकामीच दिसते, लपवली जात नाही. समोर रिकामी जागा दिसली की माणूस आत्याबाईंना फोन करतो. हे मी घरात पाहिलं आहे.

मुलींच्या बाबतीतही तसंच. जुन्या छापील कुलवृत्तांतांत मुलीचं नाव आणि ती कुणाकडे दिली एवढं लिहून ओळ थांबवण्याची पद्धत होती. जेडकॉमला असं थांबणं माहीत नाही. मुलगी तिच्या लग्नाच्या कुटुंबात जोडली की पुढची मुलं-नातवंडं मुलाच्या शाखेसारखीच पुढे जातात. छपाईच्या सोयीत 'फक्त पुरुषशाखा' असा पर्याय ठेवा अशी सूचना घरातून आली होती. मी तो ठेवला नाही.

दत्तकाच्या नोंदीसाठी शाहू महाराजांचं उदाहरण घेतलं, कारण त्यात सगळ्या अडचणी एकत्र आहेत. जन्म कागलच्या घाटगे घराण्यात, नाव यशवंतराव, वडील जयसिंगराव, आई राधाबाई. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी गेले. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि ते शाहू झाले. म्हणजे एका माणसाला दोन कुटुंबांत मूल म्हणून जागा हवी, दोन नावं हवीत, आणि दत्तकविधान वडिलांच्या मृत्यूनंतरचं. साच्यात याची सोय आहे: दुसऱ्या फॅमसी ओळीखाली नात्याचा प्रकार 'दत्तक' लिहायचा, आणि दत्तकाच्या घटनेखाली दत्तक घेणारं कोण, वडील, आई की दोघं, तेही सांगता येतं. त्या काळी विधवेने दत्तक घेतलं तरी ते नवऱ्याच्या नावे असायचं, म्हणून मी 'दोघं' लिहिलं. पण चुका शोधणारी तपासणी इथे अडते. 'वडिलांच्या मृत्यूनंतर मूल आलं' हे नियमात बसत नाही म्हणून काही प्रोग्राम नोंद नाकारतात. माझा एडिटर काहीच नाकारत नाही. नोंदीच्या डाव्या कडेला पिवळी पट्टी दाखवतो, कारण लिहितो आणि पुढे जाऊ देतो.

तारखांनी खरी कसोटी पाहिली. ५.५.१ मध्ये ग्रेगोरियन, जुलियन, हिब्रू आणि फ्रेंच प्रजासत्ताकाचं, अशी पंचांगं आहेत. फ्रान्समध्ये जेमतेम बारा-तेरा वर्षं चाललेल्या पंचांगाला त्यात जागा आहे, शालिवाहन शकाला नाही. वहीत 'शके १८०० पौष शुद्ध ३' असं लिहिलेलं असतं. शकात ७८ मिळवून १८७८ लिहून टाकणं सोपं आहे, पण वर्ष चैत्रात सुरू होतं, तेव्हा शेवटचे महिने इसवी सनाच्या पुढच्या वर्षात जातात आणि तिथे ७९ मिळवावे लागतात. पौष शुद्ध तर डिसेंबरातही पडू शकतो आणि जानेवारीतही, त्या वर्षी अधिक महिना कुठे होता त्यावर अवलंबून. म्हणून एडिटर नेमकी तारीख काढायला जात नाही. महिना आणि पक्ष पाहून 'डिसेंबर १८७८ ते जानेवारी १८७९ दरम्यान' असा पल्ला सुचवतो आणि वहीतले शब्द जसेच्या तसे शेजारी ठेवतो. ७.० मध्ये कुठल्याही तारखेखाली मूळ शब्दांसाठी फ्रेज नावाची ओळ देता येते. ५.५.१ मध्ये शब्दांसह तारीख लिहायची सोय एकाच तारखेपुरती आहे, पल्ल्याला नाही, म्हणून तिथे घटनेखाली टीप जोडते. उद्या कुणी जुनं पंचांग उघडून खरी तारीख काढली तर त्याच्या हाती मूळ तिथी असली पाहिजे.

मराठी कीबोर्डवरून तारीख टाकली की आकडे देवनागरी येतात, आणि जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये आकड्यांचं जे चिन्ह आहे ते फक्त रोमन आकडे ओळखतं. त्यामुळे '२६ जून १८७४' आधी रोमन आकड्यांत आणि जेडकॉमच्या ठरलेल्या महिन्यात बदलायचं, दाखवताना पुन्हा मराठीत. हे काम छोटं आहे, पण यामुळेच मामंजी स्वतः नोंदी करू लागले.

आणि एक जून. साठ-सत्तर वर्षांपूर्वी शाळेत घातलेल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे, कारण गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी तीच लिहिली. आमच्या फाइलीत सख्खे भाऊ-बहीण आणि चुलत मिळून एक जूनची रांग लागते. ती तारीख खोटी म्हणून काढायची नाही, कारण सरकारी कागदांवर तीच आहे. जेडकॉममध्ये प्रत्येक घटनेला आधार जोडता येतो आणि तो किती भरवशाचा हे शून्य ते तीन अशा अंकाने सांगता येतं. शाळेच्या दाखल्यावरच्या एक जूनला एडिटर आपणहून 'एक' सुचवतो. हेळव्याच्या कथनाला किती द्यायचे यावर मामंजींचा आणि माझा बराच वाद झाला. नात्यांबाबत हेळव्याची चोपडी फार पक्की असते, सालांबाबत तेवढी नाही. शेवटी ठरलं की अंक माणसाला नाही, त्या त्या घटनेला द्यायचा. साच्याला तेच अपेक्षित आहे.

झाडाच्या चित्रात एक गोष्ट आपल्याकडच्या प्रोग्रामरने लक्षात ठेवावी. कोल्हापूर-सांगलीकडे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत. अशा जोडप्याच्या मुलाला पणजोबा-पणज्या आठ नसतात, सहाच असतात. एकच जोडपं आईकडूनही येतं आणि वडिलांकडूनही. वरच्या पिढ्या चालत जाताना 'ही व्यक्ती आधी भेटली आहे' एवढ्यावरून चक्र सापडलं असं ठरवलं तर निम्म्या घरांची झाडं चुकीची ठरतील. चक्र तेव्हाच, जेव्हा सध्याच्या वाटेवरच तीच व्यक्ती पुन्हा येते, म्हणजे कुणी स्वतःचाच पूर्वज ठरतो. भेटलेल्यांची यादी आणि सध्याच्या वाटेची यादी वेगवेगळी ठेवली की हे सुटतं.

शोधात 'ऱ्ह' ने त्रास दिला. कऱ्हाडचा ऱ्ह तीन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकून. दिसायला तिन्ही सारखेच. पहिले दोन युनिकोडच्या सामान्यीकरणाने एक होतात, तिसरा होत नाही, तो हाताने बदलावा लागतो. हा बदल फक्त शोधापुरता ठेवला आहे; फाइलीत जसं लिहिलंय तसंच राहतं. नावांचा क्रम ब्राउझरच्या मराठी क्रमाने लावते, म्हणजे क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर आपल्या शब्दकोशांतल्यासारखे शेवटी येतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायच्या रीतीमुळे यादीत एकच नाव पिढ्या सोडून सोडून येतं, म्हणून प्रत्येक नावापुढे वडिलांचं नाव आणि जन्मसाल फिक्या रंगात येतं. ते टाइप केलेलं नसतं, जोडण्यांमधून काढलेलं असतं.

शेवटचं लिहिलं ते ग्रुपसाठी प्रत काढण्याचं. माहेरचं आडनाव फाइलीत असावं असा माझा आग्रह, आणि 'आईचं माहेरचं आडनाव काय' हा ओळख पटवण्यासाठी विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न. हयात माणसांची ती ओळ, जन्मतारीख आणि पत्ता दोनशे जणांच्या ग्रुपवर जाता कामा नये. जेडकॉममध्ये गोपनीयतेसाठी रेसन टॅग आहे, पण तो पाळायचा की नाही हे फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामवर अवलंबून. म्हणून ज्यांच्या मृत्यूची नोंद नाही आणि ज्यांचा जन्म गेल्या ११० वर्षांतला आहे किंवा जन्मसालच माहीत नाही, अशा सगळ्यांना एडिटर हयात धरतो आणि ग्रुपच्या प्रतीतून त्यांच्या त्या ओळी काढून टाकतो. या प्रतीच्या हेड नोंदीत, म्हणजे फाइलीच्या अगदी पहिल्या नोंदीत, 'काटछाट केलेली प्रत' अशी टीप जाते. ती टीप असलेली फाइल उघडली की एडिटर वर तसं ठळक दाखवतो, आणि पूर्ण फाइलीच्या नावाने ती सेव्ह करू देत नाही. पूर्ण फाइल मामंजींकडे, माझ्याकडे आणि भाच्याकडे आहे. सध्या दोन फाइली जुळवून एक करण्याचं काम चालू आहे, कारण गडहिंग्लजच्या चुलतदिरांनी त्यांची शाखा स्वतंत्रपणे भरून पाठवली आहे, आणि तिच्यात मामंजींच्या वहीत नसलेल्या चार सुनांची माहेरं आहेत.